कस्तुरबा आणि लोकांचे राज्य

यंदाच्या प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर आपल्या मंडळात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाले. वाचन आटोपून चहा चालू असताना एका भगिनीने सहज एक प्रश्न विचारला. राज्य लोकांचे आहे, लोक सार्वभौम आहेत, असे आपण दरवर्षी उभे राहून म्हणतो. पण मी तर रेशनच्या रांगेतही मागेच असते, आणि घरात कोणाला लग्नाचा आहेर किती करायचा हेसुद्धा मला कोणी विचारत नाही, मग मी सार्वभौम कशी, असे तिचे म्हणणे होते. सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्याच प्रश्नावर लिहावयाचे मी ठरविले.

मी काही विदुषी नव्हे. राज्यशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. परंतु आपण ज्या गावात राहतो त्या गावाचा एक मोठा लाभ आहे. मोठ्या शब्दांचे अर्थ इथे माणसांच्या आयुष्यात शोधता येतात. आश्रमात माझे महिन्यातून दोनतीनदा तरी जाणे होते. बाहेरगावचे पाहुणे बापूकुटीत बराच वेळ बसतात, आणि बा-कुटीपाशी मात्र क्षणभर थांबून पुढे जातात. बा म्हणजे बापूंची सोशिक पत्नी, एवढीच ओळख बहुतेकांच्या मनात असते. माझीही पुष्कळ वर्षे तशीच समजूत होती. माझ्या सासूबाई लहानपणी आश्रमाच्या प्रार्थनेला जात. पांढऱ्या खादीच्या पातळातील एक ठेंगणी म्हातारी बाई, यापलीकडे त्यांना बांविषयी काही आठवत नसे. पुढे मी बांचे चरित्र मन लावून वाचले, आणि त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडले असे वाटते. ते जमेल तसे सांगते.

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास कापडिया हे व्यापारी गृहस्थ होते. बा बापूंहून काही महिन्यांनी मोठ्या. लहान वयातच त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. सासरे करमचंद गांधी हे आधी पोरबंदर आणि नंतर राजकोट संस्थानचे दिवाण होते. म्हणजे बा एका राजाच्या राज्यात जन्मल्या आणि राजाच्या कारभाऱ्याच्या घरात सून म्हणून आल्या. संस्थानात माणसामाणसांत एकच नाते ठाऊक असे. एकाने हुकूम करावयाचा आणि बाकीच्यांनी तो पाळावयाचा. घरातही तीच रीत होती. आपल्या परवानगीवाचून बायकोने कोठे जाऊ नये, असे बापूंचे त्या वयात म्हणणे असे. बा वाद घालीत नसत. त्यांना देवळात जावेसे वाटले की त्या जात, मैत्रिणीकडे जावेसे वाटले की तिकडे जात, आणि शांतपणे परत येऊन कामाला लागत. अयोग्य हुकूम न मानता, मानही न सोडता आणि समोरच्याचा द्वेषही न करता कसे वागावे, हा धडा आपण घरातच पत्नीकडून शिकलो, असे बापूंनी पुढे मोकळेपणाने कबूल केलेले आहे. जगाने ज्याला सत्याग्रह म्हणून ओळखले, त्याची पहिली शाळा ही अशी एका निरक्षर सुनेने चालविली होती.

१८९७ च्या आरंभी बा मुलांना घेऊन बापूंबरोबर दक्षिण आफ्रिकेतील डरबान येथे गेल्या. तेथील १८९८ सालची एक गोष्ट बापूंनी आत्मकथेत लिहून ठेविली आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र बांनी साफ करावे, आणि तेही आनंदाने करावे, असा बापूंचा आग्रह होता. तो कारकून ख्रिस्ती असून त्याचे आईबाप पंचम समजल्या जाणाऱ्या जातीतले होते. बांच्या मनाला ते रुचले नाही. त्या भांडे घेऊन रडत जिना उतरू लागल्या. बापू संतापले, त्यांनी बांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढीत नेले आणि बाहेर घालविण्यासाठी फाटक उघडले. तेव्हा परक्या मुलखात मला दुसरे कोण आहे, जरा लाज बाळगा, अशा अर्थाचे बा बोलल्या, आणि बापू शरमून गेले.

ही गोष्ट वाचताना मला दोघांच्याही चुका दिसतात. जातीवरून विटाळ मानणे ही बांची चूक होती आणि ती त्यांनी पुढे हळूहळू सोडली. पण चांगले काम झाले तरी ते दुसऱ्याच्या माथी बळजबरीने मारावयाचे नसते, ही बापूंची चूक अधिक मोठी होती. ज्याच्यावर सत्ता चालवावयाची त्याची संमती घ्यावी लागते. लोकांच्या राज्याचा पाया म्हणतात तो हाच. तो दिल्लीत घातला जाण्याच्या कितीतरी आधी डरबानच्या एका घराच्या फाटकाशी घातला गेला, असे मला वाटते.

१९०१ साली हे कुटुंब हिंदुस्थानास परत येण्यास निघाले, तेव्हा तेथील लोकांनी प्रेमाने पुष्कळ भेटी दिल्या. त्यांत बांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. लोकांच्या सेवेबद्दल मिळालेली वस्तू लोकांचीच, असे बापूंचे मत पडले. बांनी मात्र कडाडून विरोध केला. उद्या सुना घरात येतील, त्यांना काय घालू, आणि तुमच्या सेवेत माझी सेवा नव्हती काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्यापैकी कोणती बाई याहून निराळे बोलली असती? शेवटी बांनी नाखुशीने संमती दिली आणि त्या सर्व भेटींचा लोकांच्या कामासाठी विश्वस्तनिधी करण्यात आला. बांचा सवालही खोटा नव्हता आणि बापूंचा निर्णयही चुकीचा नव्हता. सार्वजनिक पैशाचा प्रश्न घराच्या कपाटापर्यंत येतो तेव्हा तो किती अवघड होतो, हे मात्र यातून कळते. पुढे बापूंना लौकरच आफ्रिकेत परत जावे लागले आणि बाही तिकडे जाऊन राहिल्या.

बांच्या आयुष्यातील मोठी घटना १९१३ सालची आहे. त्या वर्षी १४ मार्चला केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला, की ख्रिस्ती विधीने झालेले किंवा तेथे रीतसर नोंदलेले नसेल ते लग्न कायद्याने लग्नच नव्हे. म्हणजे एका निकालाने हजारो हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत आणि त्यांच्या मुलांचा वारसाही धोक्यात आला. त्या स्त्रियांना मताचा हक्क नव्हता आणि त्यांच्याविषयी निर्णय घेताना त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

फिनिक्सच्या आश्रमातील इतर स्त्रियांशी बापूंनी तुरुंगात जाण्याविषयी बोलणे केले, परंतु बांना त्यांनी विचारले नाही. मी सांगितले म्हणून ती होकार देईल आणि पुढे तिचे धैर्य खचले तर तो दोष माझा होईल, असे त्यांना वाटत होते. बांच्या कानावर ते बोलणे गेले. माझ्यात असा कोणता उणेपणा आहे की मी तुरुंगात जाण्यास योग्य नाही, असे त्यांनी बापूंना विचारले. बापूंनी त्यांना फेरविचार करण्यास पुरती मोकळीक दिली, आणि बांनी आपला निश्चय सांगितला. पंधरा वर्षांपूर्वी हाताला धरून ओढणारे बापू आता पत्नीच्या मनाविरुद्ध एक पाऊलही टाकीत नव्हते. बदल दोघांतही झाला होता.

सप्टेंबर १९१३ मध्ये सोळा जणांची तुकडी निघाली. त्यांत चार स्त्रिया होत्या. परवान्यावाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडावयाची आणि अटक करून घ्यावयाची, असे ठरले होते. शिवाय पोलिसांना कोणी आपले नाव सांगावयाचे नव्हते. ही गांधींची बायको आहे असे कळले असते तर कदाचित सरकारने अटकच टाळली असती. म्हणून वोल्क्सरस्टच्या नाक्यावर बा कोणाच्या पत्नी म्हणून उभ्या राहिल्या नाहीत. त्या तेथे निव्वळ एक हिंदी स्त्री म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅरित्झबर्गच्या तुरुंगातून त्या सुटल्या तेव्हा अंगावर नुसती हाडे उरली होती. इतर स्त्रियांच्या एका तुकडीने न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींकडे जाऊन मजुरांना जागे केले होते. मजुरांनी संप केला आणि नोव्हेंबरात जो मोर्चा ट्रान्सवालकडे निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. १९१४ साली सरकारला नवा कायदा करावा लागला. हिंदी लोकांची लग्ने वैध ठरली आणि गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा कर रद्द झाला. ज्यांना मत नव्हते, ज्यांना वाचता येत नव्हते, त्या बायकांनी कायदा बदलून घेतला.

नावाची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण देते. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी मतदारयाद्या करणारे लोक दारोदार गेले, तेव्हा कित्येक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच त्या सांगत. निवडणूक आयोगाने अशा नोंदी न धरण्याचे ठरविले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया पहिल्या निवडणुकीस मुकल्या. बांनी नाव सांगितले नाही ते निर्भयपणाने, आणि या भगिनींनी सांगितले नाही ते भिडेने. देशाची मालकीण होण्याची पहिली पायरी म्हणजे वहीत स्वतःचे नाव लिहविणे, ही गोष्ट त्या एका निवडणुकीने साऱ्या देशाला शिकविली.

१९१५ साली बा-बापू कायमचे भारतात परत आले. अहमदाबादजवळच्या आश्रमात त्याच वर्षी दूदाभाई, दानीबेन आणि त्यांची लहान मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलेल्या जातीचे कुटुंब राहावयास आले. बांना प्रथम ते जड गेले. आश्रम मोडतो की काय अशी वेळ आली. पण बा तेथेच राहिल्या, आणि पुढे लक्ष्मी त्या घरातलीच लेक झाली. १९१७ साली चंपारण्यात त्या बापूंच्या मदतीस गेल्या आणि भितिहरवा या खेड्यात राहून बायकामुलांत काम करू लागल्या. तेथे बायकांचे कपडे इतके मळके का, हे विचारण्यास बापूंनी बांना पाठविले. एका बाईने बांना आपल्या झोपडीत नेऊन दाखविले की अंगावर आहे त्यावाचून दुसरे लुगडेच नाही. ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? स्वच्छतेचा उपदेश करण्यास गेलेल्या बा त्या दिवशी स्वतः शिकून आल्या. लोकांच्या दारात जाऊन आधी ऐकून घ्यावे लागते, हे ज्यांना लोकांच्या नावाने कारभार करावयाचा आहे त्या सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे.

आता चार रुपयांची गोष्ट. १९२९ साली बांनी कोणी परक्या माणसांनी दिलेले चार रुपये आश्रमाच्या कचेरीत जमा न करता आपल्यापाशी ठेविले. स्वतःचा खाजगी पैसा ठेवावयाचा नाही, असा आश्रमाचा नियम होता. बापूंनी ही गोष्ट आपल्या नवजीवन साप्ताहिकात छापली. बांना पश्चात्ताप झाला. साठ वर्षांच्या बायकोची चूक अशी गावासमोर मांडावी काय, याविषयी माझ्या मनात अजून शंका आहे. मला बांची दया येते. परंतु एक गोष्ट खरी, की सर्वांच्या पैशाचा हिशेब चार रुपयांपासून सुरू होतो, आणि तो मोठ्या माणसाच्या घरालाही चुकत नाही.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला माझी एक चूक आठवते. आजवर मी ती मंडळात कोणापाशी बोलले नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी राहत होतो. स्त्रियांसाठी पंचायतीत राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. घरच्या मंडळींनी माझा अर्ज भरला आणि मी बिनविरोध सभासद झाले. सभेला मी क्वचितच जात असे. ठरावाचे पुस्तक घरी येई आणि दाखवितील तेथे मी सही करीत असे. वर काय लिहिले आहे ते वाचण्याची मला कधी गरज वाटली नाही. एके दिवशी गावातील एक विधवा बाई दारात आली. घरकुलाच्या यादीतून तिचे नाव गळले होते आणि त्या यादीखाली माझी सही होती. तिने विचारले नाव का गळले, आणि मी म्हणाले मला ठाऊक नाही, मी फक्त सही केली. ती काही बोलली नाही. माझ्याकडे नुसते पाहून निघून गेली. पुढच्या वर्षी मी स्वतः ग्रामसभेत गेले, यादी मोठ्याने वाचावयास लावली आणि तिचे नाव घालविले ते घालून घेतले. पण मधल्या पावसाळ्यात तिचे छप्पर गळत होते, आणि ते माझ्या सहीने गळत होते. सत्ता माझ्या हातात आलेली होती. ती मी न वाचताच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

पुन्हा बांकडे वळते. १९३६ साली एप्रिलच्या अखेरीस बापू आपल्या या गावी राहावयास आले. तेव्हा याचे नाव शेगाव होते. वऱ्हाडातल्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव देण्यात आले. आरंभी आदिनिवासाच्या एकाच मोठ्या खोलीत सगळी माणसे राहत. बाईमाणसाला आडोसा म्हणून नव्हता. ही अडचण ओळखून जमनालालजी बजाजांनी बांसाठी वेगळी कुटी बांधविली. तीच ही बा-कुटी. बापू जगाचे होते, त्यांना दाराची गरज नव्हती. पण बांना स्वतःचे एक दार हवे होते. आपल्यापैकी प्रत्येकीला ही गोष्ट समजेल.

इथे आल्यावरही बांच्या हातून चूक झाली. १९३८ साली ओरिसात गेल्या असताना त्या पुरीच्या जगन्नाथाच्या दर्शनाला देवळात गेल्या. ते देऊळ हरिजनांस बंद होते. बापूंना इतके दुःख झाले की त्यांची प्रकृती बिघडली. तुला मी पुरते समजावून सांगितले नाही म्हणून दोष माझा, असे त्यांनी मानले. बांनी चूक कबूल केली. ज्या दारातून आपल्या शेजारणीला आत जाता येत नाही त्या दारातून आपण आत जावे काय, हा प्रश्न देवळाचाच नव्हे. लोकांचे राज्य म्हणताना लोक या शब्दात कोणकोण येते, असा तो प्रश्न आहे.

मग १९३९ साल उजाडले. राजकोटच्या रयतेने राज्यकारभारात आपल्याला वाटा हवा म्हणून चळवळ उभारली होती. डिसेंबर १९३८ मध्ये ठाकोरसाहेबांनी सरदार पटेलांशी समझोता केला, की दहा जणांची समिती सुधारणांची योजना आखील आणि त्यातील सात जणांची नावे सरदार सुचवितील. थोड्याच दिवसांत राजाने शब्द फिरविला. लढा पुन्हा सुरू झाला. बा तेव्हा सत्तरीला आल्या होत्या आणि प्रकृती क्षीण होती. पण राजकोट म्हणजे त्यांचे सासर. तेथील स्त्रिया तुरुंगात जात असताना आपण घरी बसावे, हे त्यांना सहन होईना. त्या गेल्या, आणि ३ फेब्रुवारी १९३९ रोजी मणिबेन पटेलांसह त्यांना अटक झाली. त्यांना खेड्यात स्थानबद्ध करून ठेविले. ज्या राज्याच्या दिवाणाची सून म्हणून त्या एकदा वाजतगाजत आल्या, त्याच राज्याच्या कैदी म्हणून त्या आता परत आल्या. मधल्या काळात रयतेची एक बाई नागरिक झाली होती.

बापूंनी ३ मार्चला राजकोटात उपवास आरंभिला. व्हाइसरॉय मध्ये पडले, सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी निकाल सरदारांच्या बाजूने दिला. तरीही काही आठवड्यांनी बापूंनी तो निकाल आपण होऊन सोडून दिला. उपवासाने राजावर वरिष्ठ सरकारचे दडपण आणले, हे बरोबर झाले नाही, असे त्यांना वाटले. म्हणजे राजकोटात लढा जिंकला असे म्हणता येत नाही. तरी मला ही हकीकत मोलाची वाटते. वरच्याच्या भीतीने मिळालेला हक्क लोकांच्या अंगी मुरत नाही, हे तेथे कळले.

१४ जुलै १९४२ रोजी आपल्या वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी राज्य सोडावे असा ठराव केला. त्याच जुलैत बापूंनी हरिजन पत्रात खेड्याच्या स्वराज्याचे चित्र लिहिले. प्रत्येक गाव म्हणजे एक प्रजासत्ताक, आणि गावातील सर्व सज्ञान पुरुषांनी व स्त्रियांनी दरवर्षी निवडलेले पाच जणांचे पंचमंडळ त्याचा कारभार पाहील, अशी ती कल्पना होती. स्त्रियांचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. आपले गाव पाहतच त्यांनी ते लिहिले असेल.

९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईस बापूंना अटक झाली. बांनाही बरोबर जाण्याची मुभा होती. मी आग्रह करीत नाही, पण माझ्याबरोबर येण्यापेक्षा तू माझे काम करावेस हे मला अधिक आवडेल, असे बापूंनी सांगितले. निर्णय बांवर सोपविला होता. सायंकाळी शिवाजी पार्कवर बापूंची सभा ठरलेली होती. त्या सभेत मी बोलेन, असे बांनी जाहीर केले. सभेला जाण्याआधीच त्यांना डॉ. सुशीला नायर यांच्यासह अटक झाली. आधी आर्थर रोडच्या तुरुंगात आणि मग पुण्यास आगाखान महालात त्यांना नेले. १५ ऑगस्टला महादेवभाई तेथेच वारले. बांची प्रकृती दिवसेंदिवस ढासळत गेली. तशातही, चौऱ्याहत्तर वर्षांच्या वयात, त्या बापूंपाशी गुजराती वाचन आणि देशाचा भूगोल शिकत होत्या. ज्या देशासाठी तुरुंगात आलो तो कोठून कोठवर पसरला आहे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बापूंच्या मांडीवर त्यांनी देह ठेविला. बापूंनी कातलेल्या सुताचे पातळ त्यांना नेसविले होते.

त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाखांचा निधी जमविण्याचे ठरले, आणि लोकांनी त्याहून कितीतरी अधिक दिला. तो सर्व खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामासाठी ठेवावा असे बापूंनी ठरविले. आपल्या गावातील कस्तुरबा रुग्णालयही त्यांच्याच नावाने उभे राहिले. आपल्यापैकी कितीकींची बाळंतपणे तेथे झाली असतील!

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले, तेव्हा ते कोणा राजाने दिले नाही. लोकांनी ते स्वतःला दिले, असे त्याच्या आरंभीच म्हटले आहे. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, आणि आपल्या महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूदही आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. एवढे सारे असून बाई मागेच का राहते? माझ्या मते, सत्ता म्हणजे खुर्ची असे आपण समजतो म्हणून. बांना आयुष्यात कोणतीही खुर्ची मिळाली नाही. त्यांना एकदाही मत टाकावयास मिळाले की नाही, हेसुद्धा मला कोठे वाचावयास सापडले नाही. तरीही त्यांना न विचारता कोणी त्यांच्यावर राज्य करू शकले नाही. नवराही नाही आणि सरकारही नाही. आणि स्वतःची चूक दाखविली गेली तेव्हा त्यांनी ती मान्य केली. नको तेथे नाही म्हणणे, पटले तेव्हा मनापासून होय म्हणणे आणि आपला हिशेब चारचौघांपुढे देणे, एवढ्या तीन गोष्टी ज्या बाईला येतात ती सार्वभौम आहे, मग ती रेशनच्या रांगेत कितव्या का नंबरावर उभी असेना.

भगिनींनो, या वर्धापनदिनी मी एकच मागणे मागते. पुढच्या महिला सभेला आपण सर्वजणींनी जावे. कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यावी. जिला वाचता येते तिने जिला येत नाही तिला वाचून दाखवावी. आणि वहीत सही किंवा अंगठा करण्यापूर्वी वर काय लिहिले आहे ते विचारावे. थोडा वेळ लागेल, कोणी कंटाळतील, कोणी हसतीलही. हसू द्यावे. मी एकदा न वाचता सही केली होती, आणि त्या पावसाळ्याची आठवण मला अजून झोपू देत नाही.